एकट्यानं जेवायचं नाही

माझ्या भाचीची, म्हणजे दादाच्या मुलीची, मान काळी पडत होती आणि वहिनी दर रविवारी ती डाळीच्या पिठानं घासत होती. पीठ, लिंबू, चिमूटभर हळद. पिंप्राळ्यातल्या आमच्या घराच्या मोरीत भाची पाटावर पाठमोरी बसायची, वहिनी दोन्ही हातांनी घासायची आणि मान लाल व्हायची. मंगळवारपर्यंत ती पुन्हा काळी दिसायला लागायची. वहिनीचं म्हणणं, पोरगी मान धूत नाही. भाचीचं म्हणणं, मी धुते. घरात पुरावा मागायची पद्धत आहे, पण मानेचा पुरावा रोज मानेवरच दिसत असल्यानं भाची दर वेळी हरायची.

ती तेव्हा पाचवीत होती. वर्गातल्या सगळ्यांपेक्षा जाड होती. शाळेत तिला 'भरताचं वांगं' म्हणत. जळगावात लोक हिवाळ्यात मुद्दाम शेतात जाऊन भरीत खातात आणि आठवडाभर त्याचं कौतुक करतात, तेव्हा हा अपमान आहे की सन्मान, असा प्रश्न एखाद्याला पडू शकतो. भाचीला पडला नव्हता. तिनं हिवाळ्यात कॉलरचा स्वेटर घातला तो महाशिवरात्र झाली तरी काढला नाही. शिवरात्रीनंतरचं जळगाव ज्यांना माहीत आहे त्यांना यापुढे काही सांगायला नको. शेवटी शाळेतल्या बाईंनी फोन केला की तुमच्या मुलीला थंडी वाजून ताप येतोय, दाखवून घ्या.

म्हणून आम्ही तिला थंडीसाठी डॉक्टरकडे नेलं. वहिनी, मी आणि मध्ये भाची, स्कूटीवर. मुलांच्या डॉक्टर मॅडमनी आधी स्वेटर काढायला लावला. मग मानेकडे पाहिलं. आम्ही काय सांगतोय ते त्यांनी नंतर ऐकलं.

"हे घासता का तुम्ही?"

"दर रविवारी," वहिनी म्हणाली. तिला वाटलं, शाबासकी मिळेल.

"बंद करा. हा मळ नाही. वजन वाढलं की शरीराला साखर जागच्या जागी पोचवायला जास्त इन्शुलिन लागतं. त्या ओढाताणीची ही खूण आहे. रक्त तपासू."

रक्त तपासलं. साखर वरच्या रेघेला टेकली होती. अजून मधुमेह म्हणता येणार नाही, पण गाडी त्या रस्त्याला लागली आहे, आत्ता वळवली तर वळेल, असं मॅडम म्हणाल्या. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, साखर आहे. त्यांच्या थोरल्या भावाचा पाय साखरेनंच गेला. त्यामुळे हा रस्ता कुठे जातो हे आम्हाला नकाशा काढून दाखवावं लागलं नाही.

वहिनीनं विचारलं, "मग हिला उपाशी ठेवायचं का?"

"अजिबात नाही. वाढतं वय आहे. वजन उतरवायच्या मागे लागू नका. ते आहे तिथे थोपवा, उंची वाढेल तसं ते अंगात बसेल. तिच्यासाठी वेगळा स्वयंपाक नको. घरातले सगळे खातील तेच तिनं खायचं, फक्त ते नीट असू द्या. बाटलीतलं गोड पाणी, पुडे, बेकरी घरात आणू नका. रोज दमेपर्यंत खेळू द्या, वेळेवर झोपवा. रोज वजन करू नका आणि नावं ठेवू नका. आता मला सांगा, ही खाते काय?"

"फार काही खात नाही हो," वहिनी म्हणाली. "दोन घास."

मीही मान हलवली. माझ्यादेखत तर ती दोनच घास खायची.

परत येताना भाचीनं मधूनच विचारलं, "म्हणजे मी घाण नव्हते?"

"नव्हतीस," वहिनी म्हणाली. मग रेल्वेचं फाटक लागलं. मालगाडी जाईपर्यंत आम्ही तिघी थांबलो. ती मालगाडी फार लांब होती.

यानंतर मी जे केलं ते समजायला आमचं घर समजलं पाहिजे. आबा दाळ मिलमध्ये होते आणि मिलपेक्षा जास्त युनियनमध्ये होते. उरलेली पत्रकं घरी यायची. मी स्वतः वाचलेला पहिला शब्द 'निषेध' होता. पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं केली, दादानं चित्रं काढली, आईनं डब्यांखाली ती अंथरली. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा तिला हळदीचा डबा उचलल्यावर 'कामगार बंधू-भगिनींनो' असं लिहिलेलं दिसलं आणि आपण कुठे आलो आहोत हे तिला कळलं. आता मी कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवते आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहिते. आमच्यात असं मानतात की कुठलंही दुःख आपोआप होत नाही. ते कुणीतरी करतं, आणि त्या कुणाचा तरी पत्ता असतो.

तो पत्ता मला लगेच सापडला. शाळेच्या फाटकाबाहेरच्या दुकानात पुडे टांगलेले असतात ते मोठ्या माणसाच्या डोळ्यांसमोर नसतात, पाचवीतल्या मुलीच्या डोळ्यांसमोर असतात. हा योगायोग नाही. टीव्हीवर धावणारी, उड्या मारणारी मुलं दाखवून जे विकतात ते प्यायल्यावर कुणी धावत नाही, हेही त्यांना माहीत आहे. कॉलनीच्या नकाशात मुलांसाठी मोकळी जागा आहे, प्रत्यक्षात तिथे संध्याकाळी अंधार आणि लग्नाच्या मांडवाचे बांबू आहेत. आणि एवढं सगळं करून झाल्यावर दोष कुणाला, तर मुलीच्या जिभेला. माझं हे मत आजही तेच आहे. मी ते एका बैठकीत लिहून काढलं आणि आबांना दाखवलं.

आबांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. "मागण्या कुठे आहेत?"

"मांडणी बरोबर आहे का?"

"मांडणीचं राहू दे. मागण्या नसल्या तर तो निबंध होतो."

मी मागण्या घातल्या. घरात थंड पेयाची बाटली येणार नाही. पुडे येणार नाहीत. चहाबरोबर खारी-टोस्ट बंद, सगळ्यांना. वर ठळक अक्षरांत लिहिलं, 'बालकांच्या लठ्ठपणाविरुद्ध एल्गार' आणि ते फ्रिजच्या दारावर चिकटवलं. आमच्या घरात महत्त्वाची गोष्ट भिंतीवर किंवा दारावर लावतात.

दादा कामावरून आला, पाण्याची बाटली काढता काढता त्यानं वाचलं. तो पाइपच्या कारखान्यात आहे आणि मला पुढारीण म्हणतो. "पुढारीणबाई, आता पाणी प्यायच्या आधी घोषणा द्यायची का?"

पण घरात चिकटवलेलं सगळं वाचायची शिस्त भाचीलाही लागलेली आहे. दुसऱ्या दिवशी तिनं ते मोठ्यानं वाचलं. कुठेही अडखळली नाही, जोडाक्षरांनाही नाही.

"आत्या, लठ्ठपणाविरुद्ध म्हणजे माझ्याविरुद्ध?"

"छे. तुझ्याविरुद्ध कसं असेल? हे व्यवस्थेविरुद्ध आहे."

तिनं थोडा विचार केला. "पण व्यवस्था आपल्या फ्रिजला हात लावत नाही. मीच लावते."

मी पत्रक काढलं. मागण्या मात्र योग्य होत्या, म्हणून त्या राहिल्या. बाटल्या गेल्या, पुडे गेले. चहाबरोबर फुटाणे आले. आबांनी आपली खारी सोडली आणि त्याबद्दल ते पुष्कळ दिवस बोलत राहिले. महिन्याभरानं मॅडमना दाखवलं तर वजन थांबलं नव्हतं. थोडं चढलंच होतं. मॅडमनी पुन्हा विचारलं, जेवते किती? वहिनीनं पुन्हा सांगितलं, दोन घास. यात खोटं काहीच नव्हतं.

ते कसं खरं होतं हे मला पाय मोडल्यामुळे कळलं. रेल्वे फाटकाजवळच्या खडीवर स्कूटी घसरली आणि माझ्या घोट्याला प्लास्टर लागलं. एरवी मी संध्याकाळी शिकवण्या घेऊन उशिरा घरी येते. आता पुढच्या खोलीतल्या दिवाणावर पडून होते. तिथून स्वयंपाकघर सरळ दिसतं. कुणावर पाळत ठेवायची तर याहून चांगली जागा नाही.

दिवेलागणीला आबांनी गोळी घेतली आणि ते जेवायला बसले. भाचीनं आपलं ताट घेतलं आणि समोर बसली. अर्धी भाकरी, वांग्याची भाजी. आबा मिलमधली गोष्ट सांगत होते, ती चावत होती आणि ऐकत होती. आबा उठले, ती उठली. थोड्या वेळानं वहिनी बसली. ती पतसंस्थेतून येऊन थेट ओट्यापाशी उभी राहते, स्वयंपाक उरकेपर्यंत तिला कडकडून भूक लागते. भाचीनं धुतलेलं ताट पुसून घेतलं आणि बसली. मग वहिनीनं माझं ताट दिवाणावर आणून दिलं. भाची आपलं घेऊन आली आणि माझ्या प्लास्टरशेजारी टेकली.

"तू जेवलीस ना आबांबरोबर?"

"हो."

"आणि मम्मीबरोबर?"

"हो. तुझ्याबरोबर दोनच घास घेते."

रोज ती हेच करायची आणि रोज मला वाटायचं, बिचारी माझ्यासाठी थांबली. शेवटी दादा आला. तोपर्यंत तिचे डोळे मिटत होते. वरण-भात, वर तूप. दादा म्हणाला, "घे गं दोन घास, बापाबरोबर." आणि तिनं घेतले.

आमच्यापैकी प्रत्येकानं रोज तिचं एकच जेवण पाहिलं होतं. म्हणून प्रत्येकाला ती कमी जेवते असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात आम्ही दोघीच होतो तेव्हा मी विचारलं, "पप्पा येतात तेव्हा तुला भूक असते?"

"नाही."

"मग का जेवतेस?"

"ते एकटे असतात."

"नुसतं बसायचं मग त्यांच्याजवळ."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की हिला घरचे नियम माहीत नाहीत का. "नुसतं बसलं तर ते मोबाइल बघतात. ताट घेतलं की बोलतात." मग थोड्या वेळानं, "आणि आबा म्हणतात, ताटाशिवाय बसायचं नाही."

आबा तसं म्हणतात हे खरं होतं. मिलमध्ये दुपारच्या सुट्टीत सगळ्यांचे डबे एकाच बारदानावर उघडायचे. जो पाठ फिरवून एकटा जेवतो तो एक तर मालकाचा माणूस, नाहीतर अडचणीत आलेला. दोन्ही वेळी कुणीतरी जाऊन त्याच्याशेजारी बसायचं. आबांनी हा नियम घरी आणला. कामावरून आलेल्या माणसानं एकट्यानं जेवायचं नाही. तो पाळायचं काम आईकडे होतं. ती प्रत्येकाजवळ बसायची, वाढायची, ऐकायची, आणि सगळ्यांत शेवटी उरलंसुरलं खायची.

एम.ए.ला असताना मी यावर एक पत्रक लिहिलं होतं. बाई शेवटी का जेवते, आणि तिच्या वाट्याला काय उरतं. ते आबांना पटलं. त्यांना पटलं की ते अंमलात आणतात, हा त्यांचा स्वभाव आहे. त्यांनी जाहीर केलं, या घरात यापुढे कुणीही नुसतं वाढायला आणि बघायला बसणार नाही. बसायचं तर ताट घेऊन बसायचं. आईला त्याचा उपयोग व्हायच्या आत ती गेली. तिच्या मागे प्रत्येकाजवळ बसायची जागा रिकामी राहिली. आम्ही सगळे आपापल्या कामात. तेव्हा दुसरीत असलेली भाची एके दिवशी ताट घेऊन आबांसमोर बसली आणि ती जागा भरली गेली. घरातल्या दोन्ही नियमांचं तंतोतंत पालन करणारी ती एकटीच होती. जो पत्ता मला शाळेच्या फाटकाबाहेर सापडला होता तो आमच्याच दारावर लिहिलेला निघाला.

रविवारी मी बैठक बोलावली. आमच्याकडे बैठकीला अध्यक्ष लागतो आणि तो आबाच असतात. भाचीला बाहेर खेळायला पाठवलं. ती बाहेरच्या ओट्यावर जाऊन दाराला पाठ लावून बसली, म्हणजे तिला सगळं ऐकू येत होतं. मी पाय स्टुलावर ठेवून जे पाहिलं ते क्रमानं सांगितलं.



"म्हणजे मी जेवतो म्हणून माझ्या पोरीची मान काळी?" दादा म्हणाला.

"तुम्ही उशिरा जेवता म्हणून," वहिनी म्हणाली.

"मला ओव्हरटाइम असतो."

"ओव्हरटाइम चौकातल्या टपरीवर असतो का?"

दादानं माझ्याकडे पाहिलं. मी प्लास्टरकडे पाहिलं. "रोज नसतो," तो म्हणाला. म्हणजे काय रोज नसतो हे त्यानं स्पष्ट केलं नाही आणि अध्यक्षांनीही विचारलं नाही.

दाळ मिलच्या मालकापुढे न खाकरता बोललेला माणूस आता दोनदा खाकरला. "ताट मीच दिलं तिला," आबा म्हणाले. "नियम मागे घ्या."

"कुठला?" मी विचारलं.

"दोन्ही."

"एकट्यानं जेवायचं नाही, हा कशाला मागे घ्यायचा?" वहिनी म्हणाली. सात-आठ बैठकांत ती पहिल्यांदा सूचना मांडत होती, एरवी ती चहा करायला उठते. "तो चांगला आहे. फक्त तो एका पोरीनं पाळायचा नाही. आपण सगळ्यांनी पाळायचा. सगळे एका वेळी जेवू. ते जमत नसेल तर पत्रकं रद्दीत घाला."

ठराव मंजूर झाला. आबांनी त्यांच्या डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ पुढे सरकवली. मी रात्रीची शेवटची शिकवणी सकाळी नेली. दादाचा टपरीवरचा ओव्हरटाइम संपला, टपरीवाल्यानं त्याला दोनदा तब्येत विचारली. पण हे नंतरचं. ठराव मंजूर झाला तेवढ्यातच बाहेरच्या ओट्यावरून आवाज आला, "आणि पप्पांना खरंच उशीर झाला तर?"

त्यावर पुन्हा चर्चा झाली. ठरलं असं की तिला वाटलं तर तिनं बापाजवळ बसावं, ताट न घेता, आणि बापानं मोबाइल फ्रिजवर ठेवून बोलावं.

हे लिहायला सोपं आहे. पहिल्या आठवड्यात दादाला खरोखरीचा उशीर झाला तेव्हा भाची रिकाम्या हातांनी त्याच्यासमोर बसली आणि दादाला घास गिळेना. "अशी बघते ती. मला मेल्यासारखं होतं. एक घास देतो ना."

"ठराव," वहिनी आतून म्हणाली.

"अगं एकच."

"पप्पा, मला नको," भाची म्हणाली. "तुम्ही सांगा ना, आज मशीन कसं बंद पडलं?"

दादाला पाइपच्या मशीनबद्दल कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. त्यानं बरंच सांगितलं. भात गार झाला. घास द्यायची सवय मात्र त्याची लवकर गेली नाही. हात भाताचा गोळा करून हवेत जायचा आणि परत यायचा. तिचाही हात सुरुवातीला ताटांच्या रॅककडे जायचा. कधीकधी रात्री तिला खरंच भूक लागायची, आणि आम्ही चौघं एकमेकांकडे बघायचो की ही भूक आहे की सवय. वहिनी पेरू कापून द्यायची. भूक असली तर ती खायची, सवय असली तर अर्धा ठेवायची.

आणखी एक गोष्ट बदलली, ती आम्ही ठरवली नव्हती. पूर्वी दिवेलागणीपासून ती घरात अडकलेली असायची. कोण कधी येईल आणि एकटा बसेल याची काळजी होती. आता जेवायच्या वेळेपर्यंत, म्हणजे आठपर्यंत, ती मोकळी असायची. ती कॉलनीच्या मोकळ्या जागेत जाऊ लागली. आधी नुसती कडेला उभी राहायची. मग एका संघाला एक गडी कमी पडला. अंधार पडला की खेळ बंद व्हायचा, तेव्हा मी नगरसेवकाच्या नावानं एक पत्रक काढलं, मागण्यांसकट. बांबू हलवा, दोन दिवे लावा. पोरांनी ते घरोघर वाटलं. बांबू हलले. दोनपैकी एक दिवा लागला. आमच्या घराण्याच्या इतिहासात एवढं यश क्वचित मिळालं आहे.

खरी परीक्षा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, होती. वहिनीचं माहेर धुळ्याचं. आखाजीला लेक माहेरी जाते, झोके बांधतात, आणि आठवडाभर खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस आणि सांजोऱ्यांशिवाय दुसरं काही चालत नाही. माझं प्लास्टर निघालं होतं, वहिनीनं मलाही नेलं. दादा म्हणाला, "हिला कशाला? तिथे मोर्चा काढील."

भाचीच्या आजीनं दारातच तिच्या गालांना हात लावला. "व माय! बठ्ठी वाळी गयी पोर. खावाले देतस का नही तिले?"

पोरगी वाळलेली नव्हती. काटा जिथे होता तिथेच होता, ती फक्त थोडी उंच झाली होती. पण आजीला आकडा नको होता, तिला पोळी वाढायची होती. दुपारी सगळ्यांबरोबर भाची पोटभर जेवली. पुरणपोळी, आमरस, कुरडई, सगळं. ते कुणी अडवलं नाही, सणाला अडवायचं नाही हे मॅडमनीच सांगितलं होतं. अडचण नंतर आली. सगळ्यांना वाढून झाल्यावर आजी शेवटी एकटी जेवायला बसली आणि भाची सवयीनं तिच्यासमोर जाऊन बसली. आजीनं लगेच ताट सरकवलं.

"मी नुसती बसते आजी तुझ्याजवळ."

"नुसती बसाले तू काय पोलीस शे का?"

"माझं झालंय."

"आजीना हातनी पोळी नको म्हणतस?" आजीचा आवाज बदलला. ती खरंच दुखावली होती. भाचीनं आईकडे पाहिलं. तिचा हात ताटाकडे निघाला होता. एकटं माणूस समोर बसलेलं तिला बघवत नाही, हे आता मला माहीत होतं. मी काही बोलणार इतक्यात वहिनीनं मला डोळ्यांनी थांबवलं. ती आपल्या आईशेजारी टेकली.

"माय, तिनं जेवण व्हयी गयं. तिले तुनं पोट भरानी काळजी नही, तू एकटी शे त्यानी काळजी शे. तू तिले गोष्ट सांग."

"जेवता जेवता काय गोष्ट सांगू?"

"तुनं तोंड तसंबी हालीच राह्यनं."

आजीनं लेकीकडे पाहिलं. मग पोळीचा तुकडा रसात बुडवला आणि आपल्या लहानपणीच्या आखाजीची, गावच्या लिंबाला बांधलेल्या झोक्याची गोष्ट सुरू केली. मध्येच थांबून तिनं नातीकडे संशयानं पाहिलं की ही ऐकते का. ती ऐकत होती. दोन्ही हात मांडीवर होते. आजी सावकाश जेवली. वहिनी नंतर मला म्हणाली, मायला एवढं बसून जेवताना मी पहिल्यांदा पाहिलं.

तिथून आल्यावर शाळा सुरू झाली, पुन्हा रक्त तपासलं आणि आम्ही सगळे मॅडमकडे गेलो. आबांनाही यायचं होतं. वजन जवळपास होतं तेच, उंची वाढलेली. साखर रेघेच्या खाली आली होती. मानेचा रंग उतरायला वेळ लागेल, पण उतरतोय, असं मॅडम म्हणाल्या. दादाला काटा खाली गेलेला हवा होता. "म्हणजे कमी काहीच नाही झालं?"

"व्हायला नकोच होतं. असंच ठेवा, दिवाळीनंतर या. अजून दोन-तीन वर्षांचं काम आहे हे." मग त्यांनी भाचीला विचारलं, "काय काय सोडलंस तू?"

भाचीनं खरंच आठवून पाहिलं. "मी फार काही नाही. पप्पांनी टपरी सोडली. आबांनी खारी सोडली."

आबा म्हणाले, "बरोबर आहे."

बाहेर आलो तेव्हा दुपार होती. रस्त्यापलीकडे केळीची गाडी उभी होती. भाची म्हणाली, "मला भूक लागलीय."

आम्ही चौघं तिच्याकडे बघत राहिलो. हे वाक्य आम्ही तिच्या तोंडून बहुतेक कधी ऐकलंच नव्हतं. आत्तापर्यंत कुणीतरी जेवायला बसलेलं असायचं. वहिनीनं एक केळं घेऊन दिलं. भाची फूटपाथच्या कडेला उभी राहून सोलायला लागली. ती एकटीच खातेय हे दादाला बघवलं नाही. त्यानं गाडीवरून एक केळं उचललं.

"पप्पा, भूक लागलीय का तुम्हाला?"

"नाही. तुला सोबत म्हणून."

"मग नका खाऊ," ती म्हणाली. "थांबा नुसते."

दादानं केळं परत ठेवलं. तिचं खाऊन होईपर्यंत आम्ही उन्हात थांबलो.